मुलगा असताना मुलीकडे?

कोरियन कागदपत्रांची भाषांतरं करणं हा माझा धंदा. रांजणगाव-चाकणच्या कंपन्यांमुळे पुण्यात कोरियन कुटुंबं आहेत. जन्मदाखले, डिग्र्या डोळे मिटून होतात. पण बाणेरच्या एका बाईंची फाईल अजून डोक्यातून जात नाही.

आई त्यांच्याकडे राहायला आली होती आणि व्हिसासाठी नात्याचा पुरावा हवा होता. एक कागद पुरला असता. २००८पासून तिकडे ज्याची त्याची स्वतंत्र नोंद असते: आईवडील, जोडीदार, मुलं, संपलं. भावंडं त्यात येतच नाहीत. भाऊ सिद्ध करायचा तर आईचा किंवा वडिलांचा दाखला काढा. बाईंनी मात्र धास्तीने अख्ख्या कुटुंबाच्या एकत्र असलेल्या जुन्या नोंदीही आणल्या, हाताने लिहिलेल्या, उभ्या ओळींत, चिनी अक्षरांत. नवी पोरं असले कागद यंत्रात टाकतात आणि तोंडघशी पडतात. बाईंच्या आईच्या, म्हणजे आजींच्या, माहेरच्या पानावर जन्मसाल होतं ४२८२. तेव्हा सरकारदरबारी दांगुन शक चालायचा, कोरियाच्या पौराणिक राजाच्या नावाचा. २३३३ वजा करा, १९४९.

त्याच पानावर आजींच्या नावावर फुली. लग्न झालं की मुलीचं नाव कटायचं. १९८३मध्ये नवरा वारला, तेव्हा नव्या पानावर कुटुंबप्रमुख, म्हणजे होजू, झाला चार वर्षांचा मुलगा. आई त्याच्या खाली, थोरली बहीण, म्हणजे या बाई, त्याही. १९९८मध्ये लग्न झाल्यावर बाईंवरही फुली. २००५ साली तिथल्या घटना न्यायालयाने ही पद्धत घटनाविरोधी ठरवली आणि २००८मध्ये ती गेली, तोवर कागद असाच.

भाषांतरात फुलीसुद्धा नोंदवावी लागते. बाई म्हणाल्या, "तेवढी गाळता येईल का?"

आजी संत्रं सोलत होत्या. "राहू दे. होतीच ना ती."

कचेरीतल्या साहेबांनी कागद चाळून विचारलं, "मुलगा आहे ना? मग आजी मुलीकडे कशा?" नियमात नसलेला, अगदी आपल्याकडचा प्रश्न. मी भाषांतर करणार नव्हते, पण आजींनी ओळखलं. खाली बघत म्हणाल्या, "तो एकटा असतो. लग्न केलं नाही." तिकडे आता तीनातलं एकाहून जास्त घर एकट्या माणसाचं आहे, आजींना मात्र ते स्वतःचं उणं वाटत होतं.

बाहेर बाई चिडल्या होत्या. पितरांच्या जेसा विधीवर भावंडांचं एकमत नसेल, तर मान थोरल्या अपत्याचा, मुलगा असो की मुलगी, असं २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. बाईंनी ते आईला पुन्हा ऐकवलं. आजींनी मान हलवली. जेसा मुलाकडेच.

व्हिसा झाला. नवऱ्याच्या तिथीला आजी सोलला जातात, मुलाच्या खोलीत सगळे पदार्थ रांधून मांडतात, तो दोनदा मस्तक टेकतो. विमानाचं तिकीट मुलगी काढते.