एडास टॉप व्हेरियंटला, ट्रेलरला मात्र काहीच नाही

हल्ली आमच्याकडे जो कोणी नवीन गाडी घेतो तो मला एडास (कॅमेरे-रडार वापरून ड्रायव्हरला मदत करणारी गाडीतली फीचर्स) दाखवल्याशिवाय सोडत नाही. म्हणजे अक्षरशः शेजारी बसवून, घोडबंदर रोडला एक चक्कर मारून, "आता बघ हां, माझा पाय ब्रेकवर नाहीये" असं म्हणून. माझ्या दिराने तर केवळ त्यासाठी सगळ्यात वरचं व्हेरियंट घेतलं, चांगले दोन-अडीच लाख जास्तीचे मोजून, आणि वर मलाच ऐकवलं की "वहिनी, पोरांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे, तिथे हात आखडता घ्यायचा नसतो." आता यावर काय बोलणार माणूस. पण तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे की याने खरंच अपघात कमी होतात, की आपण एक गॅजेट विकत घेतोय आणि मनाला बरं वाटावं म्हणून त्याला सेफ्टी म्हणतोय. मी महापेला नोकरीला, रोजचा रस्ता ठाणे-बेलापूर, त्यात गुगल करत बसायची वाईट सवय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे शोरूमवाला एडास म्हणून एका दमात जी दहा-बारा फीचर्स सांगतो ना, त्यात दोन अगदी वेगळ्या जातीची कामं एकाच गठ्ठ्यात बांधलेली असतात. एक जात संकट आलं की मध्ये पडणारी. पुढच्या गाडीवर आपण आदळणार असं कॅमेऱ्याला किंवा रडारला दिसलं आणि आपण काहीच केलं नाही तर गाडी स्वतः ब्रेक मारते, त्याला एईबी म्हणतात. ब्लाइंड स्पॉटमध्ये, म्हणजे आरशात दिसत नाही त्या कोपऱ्यात, गाडी असली की लागणारा आरशातला दिवा, रिव्हर्स काढताना बाजूने येणारी गाडी सांगणारा सेन्सर, हे पण त्याच जातीचे. घरातल्या एमसीबीसारखं काम आहे हे, ट्रिप होतो त्या दिवशीच कळतं की तो तिथे होता. दुसरी जात गाडी चालवायचंच काम हळूहळू आपल्याकडून काढून घेणारी, म्हणजे पुढच्या गाडीमागे अंतर ठेवून आपोआप चालणारा अडॅप्टिव्ह क्रूझ आणि पट्ट्यांच्या मध्ये गाडी ठेवणारा लेन असिस्ट. मिरवता येते ती ही दुसरी जात. रील्स पण हिच्याच निघतात, हात सोडून बसलेला नवरा आणि शेजारी किंचाळणारी बायको वगैरे.

आणि मजा अशी आहे की अपघात टळल्याचा पुरावा आहे तो पहिल्या जातीचा.

अमेरिकेत आयआयएचएस म्हणून एक संस्था आहे, इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालते, म्हणजे गाडी विकली गेली काय न गेली काय यांना फरक पडत नाही, क्लेम कमी यावेत एवढाच स्वार्थ. त्यांनी पोलिसात नोंद झालेले अपघात तपासले, तर एईबी असलेल्या गाड्या पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचं प्रमाण निम्म्याने कमी. नुसती वॉर्निंग वाजते पण ब्रेक लागत नाही अशा गाड्यांमध्ये २७ टक्के कमी. निम्मं म्हणजे खूप झालं, गाडीच्या एखाद्या फीचरने एवढा फरक पडणं सोपं नाही. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये नियमच करून टाकला की सप्टेंबर २०२९ पासून प्रत्येक नवीन कारमध्ये एईबी पाहिजे. युरोपात जुलै २०२४ पासून नवीन विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला ते आहेच. तेव्हा "हे सगळं फॅड आहे" म्हणणाऱ्या आमच्या सोसायटीच्या काकांशी माझं जमत नाही. फॅड नाहीये ते.

दुसऱ्या जातीबद्दल मात्र त्याच संस्थेने त्याच २०२४ साली सांगितलं की क्रूझ आणि लेन असिस्ट मिळून जे अर्धवट ऑटोमॅटिक ड्रायव्हिंग होतं त्याने अपघात टळतात याचा फारसा पुरावा मिळत नाही. सोय आहे ती, पॉवर विंडोसारखी समजा आणि सोडा. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर आहे की नाही यावर या सिस्टीम्स कितपत नजर ठेवतात हे पण त्यांनी तपासलं, १४ सिस्टीम्स घेतल्या, त्यातल्या ११ सगळ्यात खालच्या शेऱ्यावर गेल्या. आणि हे नामांकित कंपन्यांचे नमुने बरं का. आपल्याकडे तर स्टीअरिंगला पाण्याची बाटली बांधून गाडीला हात असल्याचं भासवणारे महाभाग आहेत. सीटबेल्टचा अलार्म वाजू नये म्हणून बकलात अडकवायची क्लिप आपल्याकडे ऑनलाइन सर्रास विकली जायची, २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच वेबसाइट्सवर कारवाई करून ती काढायला लावावी लागली. ज्या देशात बेल्टचा अलार्म गप्प करायला लोक पदरचे पैसे घालतात तिथे लेन असिस्टचं पिपाणं किती दिवस चालू राहणार सांगा.

बरं, लोक वाईट आहेत असंही म्हणता येत नाही. सवय लागते. जुना किस्सा आहे म्युनिकच्या टॅक्सींचा, ऐंशीच्या दशकातला. ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) बसवला, काहींना नाही, आणि काही वर्षं हिशोब ठेवला, तर दोन्हीकडे अपघात जवळपास सारखेच. एबीएस चालत नव्हता का, तर व्यवस्थित चालत होता, पण ज्यांना तो मिळाला ते वळणं जोरात घ्यायला लागले, पुढच्याला खेटून चालवायला लागले. ब्रेक चांगले झाले ते सगळे वेगात खर्च झाले. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही कारण दिराचं मी डोळ्यांनी बघतेय, आधी पाम बीच रोडला दोन्ही हात स्टीअरिंगवर असायचे, आता एक हात मोबाईलवर आणि "अगं गाडी बघतेय ना" चालू असतं.

आता आपला रस्ता. दिराच्या गाडीत बसून मी मानपाड्याहून कासारवडवलीला जात होते, क्रूझ लावलेला. पुढच्या गाडीशी गाडीने छान अंतर ठेवलं, आणि ठाण्यात दोन गाड्यांमध्ये अंतर दिसलं की काय होतं ते तुम्हाला माहितीये, रिक्षा घुसली. गाडीने ब्रेक मारून परत अंतर केलं, त्यात बाईक घुसली. परत ब्रेक. मागे टीएमटीची बस होती तिचा ड्रायव्हर हॉर्नवर बसलाच होता, त्याच्या बाजूने बरोबरच होतं, त्याला कुठे कळणार पुढची गाडी सारखी का दचकतेय. पुढे मेट्रोचे बॅरिकेड्स आले, तिथे जुने पांढरे पट्टे एकीकडे जातात आणि रस्ता दुसरीकडे, लेन असिस्टने बिचाऱ्याने पट्ट्यांवर विश्वास ठेवला आणि स्टीअरिंग हळूच बॅरिकेडकडे ओढलं. दिराने ओढून परत आणलं आणि मग सिग्नलला ते फीचर गुपचूप बंद केलं. मी काही बोलले नाही. (बोलले, पण नंतर.)

याच्या उलट अटल सेतू. जानेवारी २०२४ ला सुरू झाला, जवळजवळ २२ किलोमीटर, पट्टे लख्ख, वेग १०० चा, वळणं सौम्य, आणि बाईक, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी. तिथे तीच गाडी इतकी शहाण्यासारखी चालते की वाटतं उगाच नावं ठेवली. पुणे एक्स्प्रेसवेला पण तसंच, घाट सोडला तर. आणि इथेच मला जे खटकतं ते आहे. हे तंत्रज्ञान सगळ्यात चांगलं कुठे चालतं, तर जिथे दुचाकी आणि पायी चालणारा माणूस नाहीये तिथे. आणि आपल्याकडे मरतं कोण? केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल उघडा, १,६८,४९१ माणसं गेली त्या वर्षी, त्यातले साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे, १९ टक्क्यांच्या वर पायी चालणारे. कार, टॅक्सी, व्हॅनमध्ये बसलेले साधारण १२ टक्के. म्हणजे टॉप व्हेरियंटमध्ये बसलेला माणूस या यादीत आधीच बराच खाली आहे आणि आपण लाख लाख रुपये घालून त्यालाच अजून खाली नेतोय.

यावर एक खरं उत्तर आहे, की कारमधला एईबी समोर आलेल्या पादचाऱ्यासाठी पण ब्रेक मारतो ना. मारतो. त्याच आयआयएचएसच्या आकड्यांत पादचाऱ्यांना उडवण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी दिसलं. पण रात्री, दिवे नसलेल्या रस्त्यावर, काहीच फरक दिसला नाही. शून्य. आता डोळ्यासमोर आणा शिळफाट्याच्या पुढचा रस्ता, पावसाळा, समोरून हाय बीमवर डंपर, आणि कंपनीची शिफ्ट सुटून काळ्या रेनकोटात रस्ता ओलांडणारा माणूस. कॅमेरा आपल्यासारखाच डोळे किलकिले करणार.

आणि एक गोष्ट तर शोरूममध्ये कोणीच सांगत नाही, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असते. हायवेच्या वेगात बऱ्याच क्रूझ सिस्टीम्स थांबलेल्या वाहनाकडे दुर्लक्ष करू शकतात. कारण रडारला कमानी, साइनबोर्ड, पुलाचा कठडा हे सगळं थांबलेलंच दिसतं, प्रत्येकाला घाबरून ब्रेक मारायला लागला तर गाडी चालवताच येणार नाही, म्हणून स्थिर गोष्टी गाळायला शिकवलेलं असतं. आपल्याकडे कळंबोली ते जेएनपीटी बंदर रात्री जाऊन बघा. बंद पडलेला ट्रेलर लेनमध्येच उभा, टेललाइट नाही, मागे दोन दगड आणि झाडाची फांदी. ती फांदी बघून आपण लांबूनच लेन बदलतो, कोणी शिकवलेलं नसतं तरी. रडारला फांदी शिकवलेली नाही. आडव्या ट्रेलरचं तर विचारूच नका, २०१६ मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलटवर असलेली टेस्ला रस्ता ओलांडणाऱ्या ट्रकच्या पांढऱ्या ट्रेलरखाली सरळ गेली, ड्रायव्हर गेला, मागे उजळ आकाश असल्याने सिस्टीमला तो ट्रेलर दिसलाच नाही. आपल्याकडे घोडबंदरला आडवा ट्रेलर म्हणजे यूटर्न, रोजची गोष्ट.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू चांगली आहे पण चुकीच्या गाडीत बसवलीय. युरोपने हे कसं केलं बघा. तिथे आपोआप ब्रेक लागायची सक्ती आधी मोठ्या ट्रकांना आली, २०१५ पासून नवीन ट्रकांना, आणि कारना २०२४ मध्ये. सरळ हिशोब आहे, चाळीस टनाचं धूड थांबलं नाही तर जास्त माणसं जातात, तर तिथून सुरू करा. आपण उलटं केलं, आधी एसयूव्हीचं टॉप मॉडेल, मग सेदान, आणि ट्रक-बससाठी केंद्राने २०२५ मध्ये मसुदा काढला. दुचाकीचं तेच, १२५ सीसीच्या वर एबीएस २०१९ पासून सक्तीचा, पण निम्मा देश चालवतो त्या ११० सीसीच्या गाड्यांना नाही, त्याचाही मसुदा २०२५ चा. ११० च्या बाईकला पुढच्या चाकाला एबीएस लावला तर माझ्या मते दिराच्या अडीच लाखांपेक्षा जास्त जीव वाचतील, आणि पैसे त्याच्या कितीतरी कमी.

माझा मावसभाऊ उरणला ट्रेलर चालवायला देतो, बंदरातून कंटेनर काढून भिवंडीच्या गोडाऊनला वगैरे. एका कंपनीच्या कामासाठी त्याला केबिनमध्ये झोपेचा अलार्म देणारा कॅमेरा लावावा लागला, डोळे मिटायला लागले की वाजतो. मी म्हटलं वा, हे बघ, हेच तर पाहिजे. तो हसला. म्हणाला, "ताई, तूच विचार ड्रायव्हरला." ड्रायव्हर बीडकडचा, पन्नाशीचा, त्याने कॅमेऱ्यावर मस्त टिकली चिकटवलेली. म्हणाला, "ताई, ते वाजतं तेव्हा मला आधीच माहीत असतं झोप आलीये म्हणून. गाडी थांबवू कुठं ते सांगत नाही ना ते." नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, ड्रायव्हरला दिवसाला ८ तास काम. बंदराच्या गेटबाहेरच्या लाइनीतच याचे त्यातले निम्मे तास जातात, आणि त्या लाइनीत गाडी दर दहा मिनिटांनी दोन हात पुढे घ्यायची असते त्यामुळे झोपता येत नाही. मालकाला व्हिडिओ जातो आणि पगार कापला जातो, ही वर भीती. मग टिकली.

पण त्याच केबिनमध्ये दुसरी एक स्क्रीन होती, भावाने स्वतःहून बसवलेली, बाजारातली साधी, डाव्या बाजूला कॅमेरा आणि आत छोटा टीव्ही. ट्रेलर डावीकडे वळताना आरशात जे काहीच दिसत नाही ते त्यात दिसतं, म्हणजे फुटपाथ आणि ट्रेलरच्या फटीत शिरणारी स्कूटी. ना त्यात एआय ना काही, ब्रेक पण मारत नाही. त्या कॅमेऱ्याची काच मात्र ड्रायव्हर स्वतः रोज सकाळी पुसतो म्हणे. भाऊ म्हणाला उरलेल्या गाड्यांनाही तोच लावून टाकतोय, पावसाच्या आधी.