वजनाच्या ऑपरेशनची जुनी नोंद मिळवताना: माझा अनुभव

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं वजनाचं ऑपरेशन झालं असेल, तर कपाट उघडून ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं त्याची नोंद, आहे का ते बघा. डिस्चार्ज कार्ड वेगळं, ही नोट वेगळी. नसेल तर लगेच अर्ज टाका. ती मिळवताना मला जो मनस्ताप झाला, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

वजन उतरवण्यासाठी माझा जठराचा बायपास 2014 साली गोव्यातल्याच एका खासगी इस्पितळात झाला. वजन उतरलं, इन्सुलिन सुटलं, त्याबद्दल काडीची तक्रार नाही. काही वर्षांनी मात्र डिचोलीच्या बाजारातून पिशवी घेऊन घरी येतानाही धाप लागायला लागली. फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावून खावासा वाटायचा, ट्रे रिकामा होईपर्यंत. तळपायांना मुंग्या यायच्या. जेवण झालं की डाव्या बरगडीखाली पिळवटणारी कळ यायची आणि आपोआप थांबायची. थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, "अगं, चिमणीएवढं जेवतेस, रक्त होणार कुठून?" लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या, पण हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणून कळ गॅसवर गेली.

पणजीतल्या एका सर्जननी पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. लोह मुख्यतः जठराच्या लगेच पुढच्या आतड्यात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये अन्नाच्या वाटेतून वगळतात तो नेमका हाच भाग. बायपासनंतर बी-12चंही शोषण घटतं, फक्त शरीरात त्याचा साठा असतो म्हणून तूट उशिरा दिसते. कळेबद्दल त्यांना अंतर्गत हर्नियाचा संशय होता. वजन उतरतं तशी आतड्याच्या पडद्यातली चरबीही झडते, ऑपरेशनच्या वेळी तयार झालेल्या फटी रुंदावतात आणि आतडं त्यांत सरकतं. ते कधी आपोआप सुटतं, कधी अडकून त्याचा रक्तपुरवठाच तुटतो. त्यांनी विचारलं, "कुठला बायपास? रू-एन-वाय की मिनी? फटी शिवल्या होत्या का?" माझ्या कार्डावर नुसतं 'लॅप्रोस्कोपिक बॅरिएट्रिक सर्जरी', म्हणजे दुर्बिणीतून वजनाचं ऑपरेशन, प्रकार लिहिलेलाच नाही.

मग सुरू झाला ऑपरेशन झालेल्या इस्पितळाचा रेकॉर्ड विभाग.

खिडकीतल्या माणसाने नंबर टाकला आणि म्हणाला, "हा जुना नंबर आहे, सिस्टममध्ये येत नाही." नवा नंबर कुठे मिळेल? चौकशीवर. चौकशीवाल्या बाई म्हणाल्या, रेकॉर्डला विचारा. पुन्हा खिडकी. आता उत्तर, "तीन वर्षांनंतर आम्ही फाइल ठेवत नाही, मॅडम." ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, तर ते सोडून गेलेले. पुढच्या खेपेला खिडकीवर दुसराच माणूस. त्याला पेशंटचं संमतीपत्र हवं होतं. पेशंट मीच, आधार कार्ड हातात धरून समोर उभी! कदंबच्या बसमध्ये पोट आवळून बसायचं, तिथे जाऊन नाही ऐकायचं आणि परत यायचं. उठून आतल्या खोलीत बघून येतो, असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही. मला सर्वांत जास्त चीड त्याची आहे.

भाचा वकिली शिकतो. त्याने भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची नियमावली वाचून दाखवली. दाखल झालेल्या रुग्णाची नोंद तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे आहेत. तीन वर्षांनी सगळं फाडून टाका, असं तिथे कुठेही नाही. हे सगळं घालून अर्ज केला, दोन प्रती काढल्या, आणि माझ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का द्या म्हटलं. "त्याची गरज नाही," म्हणाले. मी खिडकीवरून हलले नाही. मागे रांग वाढत गेली, शेवटी शिक्का बसला. तो अर्ज ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरपर्यंत पोचला आणि त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. निळ्या कापडी पाठीची जाड वही, एका ओळीत माझं नाव, वय, तारीख, शेजारी आतडं जोडायच्या स्टेपलरचे पिवळे पडलेले स्टिकर. तारीख मिळाल्यावर टाइप केलेली नोट विभागाच्या कॉम्प्युटरमध्येच सापडली! रू-एन-वाय, फटी शिवलेल्या नाहीत. फाइल नाही म्हणणाऱ्यांच्याच इमारतीत ती इतकी वर्षं होती.

पुढे सीटी झाला, दुर्बिणीतून फटी शिवल्या, लोह शिरेतून दिलं, बी-12ची इंजेक्शनं चालू आहेत. कळ गेली. बर्फाची ओढही गेली.

अर्जात 'ऑपरेशन नोट' असा स्पष्ट शब्द घाला, नाहीतर डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स हातात येते. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि कॅल्शियम सायट्रेटचं मागा, कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं. चवथीला पातोळ्या खाऊन घाम फुटला, छाती धडधडली, तर ते डम्पिंग, म्हणजे गोड अन्न एकदम आतड्यात उतरणं, असू शकतं. अंगदुखीला आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, जठर-आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणून जेवणानंतरची कळ अंगावर काढू नका. आणि उलट्या थांबत नसतील तर सलाईन लावणाऱ्याला आधी सांगा की बायपास झालेला आहे. ग्लुकोजच्या आधी बी-1 द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.