चित्रकलेच्या तासाला भेटलेल्या मायलेकी

स्मरणिकेत बहुतेक जण गणिताच्या नाहीतर इंग्रजीच्या सरांवर लिहितील. मी चित्रकलेच्या सरांवर लिहितेय, तेही एका चित्रापुरतं.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चालली होती. स्मरणचित्र म्हटलं की आमची जत्रा, भाजीबाजार नाहीतर बसथांबा ठरलेला. माणसं डझनावारी, चेहरा एकालाही नाही. वैतागून सरांनी एके दिवशी मासिकातलं एक पान फळ्यावर चिकटवलं. एदुआर व्हुइयार या फ्रेंच चित्रकाराने १८९३ साली रंगवलेली त्याची आई आणि बहीण.

आधी आम्हाला एकच बाई दिसली. मधोमध, काळ्या पोशाखात, गुडघ्यांवर हात रोवून ऐसपैस बसलेली आई. त्या काळ्यात उजळ काय, तर चेहरा आणि हात. "दुसरी कुठाय?" सरांनी विचारलं. ती भिंतीला चिकटून उभी होती. तिचा चौकड्यांचा झगा आणि भिंतीवरचा नक्षीचा कागद असे मिसळून गेलेले, की पोरगी भिंतीतून बाहेर येतेय की आत जातेय, कळेना. मान वाकवलेली, ताठ झाली असती तर डोकं चौकटीबाहेर गेलं असतं. जमीन तर पुढे ओतल्यासारखी कललेली.

"सर, पर्स्पेक्टिव्ह चुकलंय," कुणीतरी म्हणालं.

"त्या घरात आईपुढे पोरीला उभं राहायला जागा नाही. जमीन सरळ काढून हे दिसलं असतं?"

व्हुइयारची विधवा आई घरातच कॉर्सेट, म्हणजे बायकांच्या कंबर आवळणाऱ्या चोळ्या, शिवण्याचा उद्योग चालवायची. नक्षीचं वेड त्याला त्या कापडांतूनच लागलं असणार, असं मला आपलं वाटतं. त्याने लग्न केलं नाही. १९२८ साली आई जाईपर्यंत तिच्याजवळच राहिला आणि पुन्हा पुन्हा तिलाच रंगवत राहिला. चित्रकार गोगँला मानणाऱ्या 'नाबी' या चित्रकारांच्या गटातले मॉरिस देनी आणि रूसेल हे पॅरिसच्या लिसे कोंदोर्सेतले त्याचे शाळासोबती. चित्रातली बहीण म्हणजे मारी. तिचं चित्राच्याच वर्षी, १८९३ साली, या रूसेलशी लग्न झालं. शाळेतली दोस्ती कुठवर जाते बघा! मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. हाफ इम्पिरियल (१५ बाय २२ इंची) कागदाहून थोडंसंच मोठं.

माझी आई ब्लाउज शिवायची. माझा फ्रॉक आणि आमच्या उशांचे अभ्रे एकाच ताग्यातले, त्यामुळे मारीचं दुखणं मला सांगावं लागलं नाही. त्या संध्याकाळी कागद घेऊन मशीनसमोर बसले. आईच्या गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. "अगं, पदर तरी सारखा करू दे," ती टाचण्यांमधूनच पुटपुटली. मी तिला मधोमध घेतली आणि उरलेल्या कागदभर कापडंच कापडं.

सर बराच वेळ कागद धरून उभे होते.

"आईंना विचार, माझ्या शर्टाची दोन बटणं लावून देतील का," म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या मुलाची जत्रा उचलली.