पाण्याची भीती सगळ्यांना, जमिनीची कुणालाच नाही

ड्रोन आहे म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, केवढ्याला पडला, आणि दुसरी, पाण्यावर नेतोस का रे, बुडला तर? आणि हेच लोक ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या गच्चीवर भेटले की, खाली पोरं खेळतायत, समोर चाळीस मजली टॉवर, एका बिल्डिंगवरून दुसऱ्या बिल्डिंगवर इंटरनेटवाल्यांच्या वायरी लोंबतायत, तरी "काढ ना जरा, मस्त सनसेट आहे" म्हणून मागे लागतात. तिथे कुणाला काही वाटत नाही. माझं मत अगदी उलटं आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

खाली पाणी आहे की डांबर, याने मोटरला आणि बॅटरीला काही फरक पडत नाही. उलट पाण्यावर झाडं नाहीत, गच्च्या नाहीत, जीपीएसला आकाश मोकळं मिळतं, रिमोटच्या सिग्नलला मध्ये भिंत येत नाही. आमच्या ठाण्याच्या खाडीवर हायटेन्शनच्या लाइनी गेल्यात तेवढं सोडलं तर आपटायला काही नाहीच. म्हणजे पडायचा चान्स पाण्यावर कमीच. फक्त पडला की गेला. आणि फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, त्यामुळे गेला तर नवीन आणू असं सहज म्हणताही येत नाही. खरा धक्का खिशाला बसतो, आणि खिशाचं दुःख माणसाला लगेच कळतं, म्हणून पाण्याची एवढी भीती.

जमिनीवर पडलेला सापडतो हे खरं, पण कुठे सापडतो हा प्रश्न आहे. माझा ड्रोन मिनी मॉडेलचा आहे, २४९ ग्रॅम, हातात घेतला तर खेळणं वाटतं. हवेचा विरोध धरला नाही तर ५० मीटरवरून सुटलेली कुठलीही वस्तू खाली येईपर्यंत ताशी ११० किलोमीटरच्या वर जाते. विरोध धरून हा आकडा कमी होतो, पण डोक्यात बसला तर हिशोब करायला कोण थांबणार. आणि लग्नात उडवतात ते ड्रोन बऱ्याचदा पाऊण-एक किलोचे असतात.

घणसोली गावात मित्राच्या भावाची हळद होती. आगरी हळद म्हणजे काय ते नवी मुंबईवाल्यांना सांगायला नको, गल्लीभर मांडव, डीजे, अख्खं गाव नाचतंय. ड्रोनवाला पोरगा मांडवाच्या कडेच्या फटीतून ड्रोन वर काढत होता, एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला लायटिंगच्या माळा, वर विजेची वायर, आणि ड्रोन लोकांच्या डोक्यावर दहा-बारा फुटांवर. त्याचं लक्ष स्क्रीनवर, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून दोघं जण "माझ्यावर घे, माझ्यावर घे" करतायत. एक काकी कडेवर बाळ घेऊन बरोबर खाली उभ्या राहून वर बघत होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं तर म्हणाल्या, "राहू दे रे, व्हिडिओत येतोय आम्ही." काही झालं नाही. शंभर वेळा काही होत नाही म्हणूनच ते तसं चालू राहतं. आणि कुणी सांगू नका की सेन्सर आहेत, ज्याला चारी बाजूंना सेन्सर आहेत त्यालाही बारीक वायर दिसत नाही, रात्री तर नाहीच नाही. संक्रांतीच्या दिवसांत मांजा तोही दिसत नाही. टॉवरच्या कोपऱ्यावर वारा कसा फिरतो ते तर आपल्यालाही कळत नाही, एका बाजूला शांत आणि कोपरा ओलांडला की सणकन ढकलतो.

आता पाण्यावर खरंच काय वेगळं असतं ते सांगतो, कारण काही गोष्टी नक्कीच वेगळ्या आहेत.

पहिली म्हणजे खालचा सेन्सर. ड्रोनच्या पोटाखाली छोटे कॅमेरे असतात, ते जमिनीवरचं टेक्श्चर बघून ठरवतात की आपण जागेवर आहोत का सरकतोय. पाण्यावर त्यांची पंचाईत होते. उपवन तलाव सकाळी शांत असतो तेव्हा खाली आरसाच, त्यात आभाळ दिसतं, धरायला काही खूण नाही. खाडीचं पाणी गढूळ, त्यावर फेस आणि कचरा वाहत असतो, म्हणजे खूण आहे पण ती खूणच चालायला लागलेली. मग कमी उंचीवर ड्रोन लाटेबरोबर सरकू शकतो किंवा उंचीचा अंदाज चुकून हळूहळू खाली येऊ शकतो. जास्त उंचीवर तो जीपीएस आणि बॅरोमीटरवर (हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर) चालतो, तिथे हा त्रास नाही. म्हणून पाण्याला चाटून जाणारा शॉट, जो रीलमध्ये सगळ्यात भारी दिसतो, तोच सगळ्यात बेकार. मी पाच-सहा मीटरच्या खाली जात नाही. आणि स्क्रीनवरची उंची ही पाण्यापासून नसते, जिथून उडवला तिथपासून असते, हे पुलावरून किंवा उंच धक्क्यावरून उडवणाऱ्यांनी डोक्यात ठेवा. त्यात बॅरोमीटर एक-दोन मीटर इकडेतिकडे होतोच, तेवढं बुडायला पुरतं.

दुसरी म्हणजे वारा, आणि यावर जरा जास्त बोलतो कारण माझ्या माहितीतले बहुतेक ड्रोन पाण्याने नाही, वाऱ्याने गेलेत. मिनी नॉर्मल मोडमध्ये सेकंदाला १० मीटर जातो. समजा वारा ७ आहे. वाऱ्याबरोबर जाताना तुमचा स्पीड १७, म्हणजे एक किलोमीटर मिनिटभरात, तुम्ही खूश. परत येताना ३, तोच किलोमीटर साडेपाच मिनिटं, आणि बॅटरी तुमच्या डोळ्यांसमोर खाली येतेय. स्पोर्ट मोडला टाकलं तर स्पीड वाढतो पण बॅटरीही तशीच जाते. जमिनीवर हाच प्रकार झाला तर कुठल्यातरी मैदानात उतरवता येतो, पाण्यावर मैदान कुठून आणणार. त्यात पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, तुम्ही बिल्डिंगच्या आडोशाला उभे, तुम्हाला वाटतं वाराच नाही, आणि तिकडे मध्यावर तो फुल.

आपल्याकडे दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, पश्चिमेकडून. म्हणजे खाडीच्या ठाण्याच्या काठावरून पूर्वेला पाठवला तर जाताना मजा आणि येताना बोंब, आणि नवी मुंबईच्या काठावरून पश्चिमेला पाठवला तर बरोबर उलटं, त्रास आधी आणि घरी यायला वाऱ्याचा धक्का. खाडी तीच, ड्रोन तोच, फक्त तुम्ही कुठल्या काठावर उभे आहात यावर धोका ठरतो. सकाळी लवकर जमिनीवरचा हलका वारा असतो तेव्हा हा हिशोब फिरतो, पण जोर नसतो. कुणी मला विचारलं की पाण्यावर पहिल्यांदा कधी उडवू, तर मी म्हणेन सकाळी सात, आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर.

याचं प्रात्यक्षिक एका मित्राने दिलं, काही वर्षांपूर्वी, कोपरीला मीठबंदरजवळून. दुपारची वेळ, वारा पाठीशी, ऐरोली पुलाच्या दिशेने मस्त गेला. परतीला मीटर सरकेना. बॅटरी अगदी तळाला गेली की ड्रोन तुमचं ऐकत नाही, जिथे आहे तिथेच उतरायला लागतो, त्याच्या लेखी खाली पाणी आहे का गच्ची हा प्रश्नच नसतो. उतरताना स्टिकने थोडा आडवा ढकलता येतो, तेवढं सुचलं त्याला, म्हणून काठापर्यंत आला आणि तिवरांच्या अलीकडे चिखलावर बसला. ओहोटी होती. आमच्यापासून फार तर चाळीस-पन्नास फूट, दिवा लुकलुकतोय, अंगावर ओरखडा नाही, आणि तिथे जायची सोय नाही. मित्राने चपला काढल्या. बाजूला जाळं साफ करत बसलेले एक काका, चेंदणी कोळीवाड्यातले, मान वर न करता म्हणाले, "उतरू नको, कमरेपर्यंत जाशील, मग तुला काढायला आम्ही यायचं का?" होडीचं विचारलं तर म्हणाले, पाणी चढल्याशिवाय होडी तिथे जात नाही, आणि पाणी चढल्यावर तुझं ते राहत नाही. तसंच झालं. पाणी एकदम येत नाही, आधी चिखलातल्या चरांमधून येतं, मग चर दिसेनासे होतात. ड्रोन थोडा वेळ तरंगला, फिरला, आणि तिवरांत गेला.

काकांनीच नंतर हिशोब सांगितला, आजी लोकांना माहीत असतो तोच. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बारा. खाडीत आत ठाण्याकडे अजून थोडा उशीर. पूर्ण भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटी. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या घरात चढतं, म्हणजे सकाळी तुम्ही जिथे ट्रायपॉड लावला तिथे दुपारी मासे असू शकतात. मी आता खाडीकडे जायचं असेल तर कालनिर्णय बघूनच निघतो, घरच्यांना वाटतं मी धार्मिक झालोय.

होडीतून उडवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. रिटर्न टू होम जिथून उडाला तिथे परत येतो, आणि होडी तोपर्यंत पुढे गेलेली असते. ड्रोन अगदी इमानदारीत पाण्यात लँड होतो. होम पॉइंट बदलायचं सेटिंग आहे, ते उडवल्यावर अधूनमधून नवीन करत राहायचं, किंवा सरळ होडीतून उडवायच्या भानगडीत पडायचं नाही. आणि सिग्नल गेला तर काय करायचं या सेटिंगमध्ये "लँड" ठेवू नका, कृपा करा.

खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा खूप वाईट. उपवनमध्ये पडला, लगेच काढला, बॅटरी काढली, नीट वाळवला तर वाचायची थोडीफार आशा असते. खाडीत पडला आणि सापडला तरी मीठ बेअरिंगमध्ये आणि बोर्डवर आपलं काम करत राहतं, आज चालू झाला तरी महिन्याने हवेत दगा देईल. लगेच गोड्या पाण्याने धुवायचा, हो धुवायचाच, मग वाळवायचा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, तांदूळ मात्र वाया जातात. आणि खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी घरात आणू नका, चार्ज तर अजिबात करू नका, ती नंतरही तापून पेटू शकते. नुसतं खाडीकाठी उडवलात, पडला नाही, तरी घरी आल्यावर ओलसर फडक्याने पुसून घ्या.

एक गोष्ट ज्यात पाणी आणि जमीन दोन्ही सारखेच, ती म्हणजे घारी. विशेषतः मासळी सुकवतात तिथे. घार अंगावर आली तर खाली पळू नका, सरळ वर घ्या, तिला तेवढं पटकन उभं चढता येत नाही. आणि फ्लेमिंगोंचं सांगायलाच हवं का? ऐरोली ते वाशी हा खाडीचा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही. पक्षी चरताना ड्रोन आला की अख्खा थवा उठतो, लोकांना तोच शॉट हवा असतो. अशा रील्सना मी लाइक करत नाही, बस.

राहिला नियम. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच यलो झोन, म्हणजे एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रण) परवानगीशिवाय एक फूटही वर नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापुढे ग्रीन झोन, म्हणजे परवानगी न लागणारा, असेल तर ४०० फूट. आता उलव्याचा विमानतळ झालाय, त्यामुळे बेलापूर, सीवूड्स, उलवे इथे जाऊन "आधी उडवायचो की" म्हणण्यात अर्थ नाही. खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसी हे अणुसंशोधन केंद्र, खाली न्हावाशेवा बंदर, तिकडे तर विचारही नको. वरून पोलिसांचे बंदीचे आदेश अधूनमधून निघतात ते वेगळेच. २५० ग्रॅमच्या आतला आहे म्हणून झोनचे नियम लागू नाहीत हा जो समज आहे तो चुकीचा आहे, त्या वजनाला लायसन आणि इन्शुरन्सची सूट मिळते, झोनची नाही.

मी हल्ली बहुतेक मुरबाडच्या पुढे काळू नदीकडे जातो. गोडं पाणी, काठाला मोकळं रान, माणूस नाही, अडलंच तर उतरवायला दोन्ही बाजूंना शेत. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा झोनचा नकाशा घरी वायफायवरच बघून निघा, तो बदलत असतो, आणि तिकडे गेल्यावर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.