टर्बो बदलण्याआधी हवा कुठून निसटतेय ते बघा

गाडीचा पिकअप गेला, मागून काळा धूर येतोय, असं सांगितलं की आपल्या सोलापुरात बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर मिळतं, "टर्बो गेला." टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, जातोही. पण त्याआधी होज (हवेचे रबरी पाइप), क्लिप, ओ-रिंग आणि इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारा) तपासायलाच हवेत. ते न तपासता टर्बो बदलला, तर नवा टर्बोही त्याच फाटक्या पाइपात हवा भरत राहतो.

काळ्या धुराचं कारण सरळ आहे. एअर फिल्टरजवळचा एअर फ्लो सेन्सर आत आलेली हवा मोजतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या हिशोबाने डिझेल सोडतो. टर्बोच्या पुढे होज उललेला असेल तर मोजलेली हवा वाटेतच बाहेर जाते. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून धूर. जोडीला रेस दाबल्यावर "सूंऽऽ" असा आवाज येतो. आयडलिंगला बूस्टच (टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब) नसतो, त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर कान लावून काही सापडत नाही.

आधी स्कॅनर लावा. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, म्हणून ते ९५-९६ किलोपास्कलच्या आसपास हवं. ८५ किंवा ११० दिसलं तर आधी सेन्सरकडे बघा. मग तुळजापूर रस्त्याच्या चढावर, मोकळा रस्ता बघून, तिसऱ्या गिअरमध्ये १८०० ते ३००० आरपीएमपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. स्कॅनर शेजारी बसलेल्याने बघायचा. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांत ०.२ बारच्या वर फरक टिकून राहिला, किंवा पी०२९९ (बूस्ट कमी) कोड आला, तर गळती शोधायला घ्या.

खरी तपासणी प्रेशर भरून होते. टर्बोच्या तोंडाच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप प्लंबिंगच्या दुकानात मिळते. बऱ्याच गाड्यांना ६३ किंवा ७५ मिमीची जमते. तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. इंजिन थंड हवं. कॅप टर्बोच्या इनलेटला होज आणि क्लिपने आवळा. ब्रीदरचा (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारा) पाइप तिथेच जोडलेला असेल तर तो काढून ते तोंड बंद करा, नाहीतर प्रेशर क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सीलवर येतं. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावल्याशिवाय हवा सोडू नका. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर शंभर पीएसआयच्या वर असतो. कॅप गोळीसारखी उडते, म्हणून तिच्या समोर उभंही राहू नका. ५ पीएसआयपासून सुरू करून १० पर्यंत जा. मूळ बूस्टपेक्षा जास्त कधीच नको.

आता साबणाचं पाणी मारा. होजची टोकं, होजची खालची बाजू (हात पोचत नाही तिथेच बहुधा चीर असते), इंटरकूलरची प्लॅस्टिक टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमचा जोड, मॅप सेन्सरची ओ-रिंग, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपचं) गॅस्केट. फेस आला की जागा सापडली. सायलेन्सरमधून हवा येत असेल तर एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतील. क्रँक थोडा फिरवून बघा. तरीही येत राहिली तर ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा गॅस परत इंजिनात सोडणारा) अडकलाय का ते तपासा. गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारायची पद्धत मात्र सोडा. त्याने आग लागते.

व्हॅक्यूमची भानगड वेगळी. बऱ्याच व्हीजीटी (आतली पाती हलवता येणारा टर्बो) डिझेल गाड्यांत टर्बोची दांडी व्हॅक्यूमने ओढली जाते. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत बॉनेटखालच्या बारीक नळ्या कडक होऊन तडकतात, उंदीरही कुरतडतात. मग दांडी पूर्ण ओढली जात नाही आणि होज धडधाकट असूनही बूस्ट कमी. हँड व्हॅक्यूम पंपाने दांडी ओढणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला ५०० मिमी (पाऱ्याचा) व्हॅक्यूम द्या. दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि मिनिटभर काटा पडता कामा नये. ब्रेक पेडलही कडक लागत असेल तर इंजिनचा व्हॅक्यूम पंप आणि मुख्य नळी आधी बघा.

टर्बो पेट्रोलमध्ये फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली वाढ-घट) बोलतो. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम खूप प्लसमध्ये आणि आरपीएम वाढवल्यावर शून्याकडे येत असेल, तर मॅनिफोल्ड बाहेरची न मोजलेली हवा ओढतंय.

दुरुस्ती करताना होजच्या आतलं ऑइल पुसून घ्या, नाहीतर नवी क्लिपही घसरते. पातळ ओशटपणा चालतो, ओघळ नाही. क्लिप पाइपच्या उंचवट्यामागे बसली पाहिजे. मग पुन्हा १० पीएसआय भरा, कोड पुसा, त्याच चढावर त्याच गिअरमध्ये रीडिंग घ्या.

एक जागा या चाचणीत सुटते: फिल्टर ते टर्बोमधला होज, कारण कॅप त्याच्या पुढे लागते. तो काढून आत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर टॉर्चने कॉम्प्रेसरची पाती बघा. धार बोथट झालेली असेल किंवा पातं घराला घासत असेल, तर टर्बो उतरवायला घ्या.