न उघडलेली बाटली

डिसेंबर २०२१. कोरोनानंतरची पहिली जोरदार लग्नसराई होती आणि माझ्या पार्लरची डायरी बऱ्याच दिवसांनी भरलेली होती. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत माझं एका खुर्चीचं पार्लर आहे. त्या दुपारी एका शिक्षिकेचं केराटिन, म्हणजे क्रीम लावून आणि इस्त्री फिरवून केस सरळ करायचं काम, करायचं होतं. त्यासाठी पुण्याच्या एका होलसेलरकडून नवीन क्रीम मागवलं होतं. एक लिटरच्या दोन बाटल्या, एकेक ६,८०० रुपयांची. लेबलवर सोनेरी अक्षरांत 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' असं छापलेलं, म्हणजे ते डोळ्यांना झोंबणारं रसायन यात नाही. तेवढं वाचूनच मी ते क्रीम घेतलं होतं, कारण आधीच्या क्रीमनं डोळे चुरचुरायचे.

केस धुतले, क्रीम लावलं, वेळ भरल्यावर ड्रायरनं वाळवलं. मग २३० अंशावर तापलेली इस्त्री पहिल्या बटेवरून ओढली आणि जी वाफ उठली ती सरळ घशात गेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी नाकाला ओढणी लावून बाहेर पळाली. मॅडम खोकत खोकत म्हणाल्या, "ताई, कानामागं आग होतेय." मी तसंच त्यांना बेसिनवर नेलं आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी सोडत राहिले. कानामागं रुपयाच्या नाण्याएवढी कातडी लाल होऊन वर आली होती. संध्याकाळी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर 'केमिकल बर्न' असं स्पष्ट लिहून दिलं. हा एक कागद पुढे फार कामाला आला. माझा स्वतःचा खोकला तीन आठवडे हटला नाही, इनहेलर घ्यावा लागला. तेही कागद मी फाइलला लावले.

होलसेलरला फोन केला. "बाकी कुणाची कंप्लेंट नाही. तुमचं मशीन जास्त तापलं असेल. असं करा, दोन्ही बाटल्या परत पाठवा, बदलून देतो." मला ते बरं वाटलं. खोकं बांधून मी कुरियरवाल्याची वाट बघत बसले होते, तेवढ्यात धाकटे दीर आले. ते म्हणाले, "वहिनी, पैसे गेले तरी चालतील, पण बाटली हातची घालवू नका. त्यातली एक तर अजून सीलबंद आहे." मी खोकं सोडलं. पुढच्या अडीच वर्षांत जे काही घडलं, ते सगळं त्या न उघडलेल्या बाटलीवर उभं राहिलं.

त्याच रात्री उघडलेल्या बाटलीचं लेबल भिंग घेऊन वाचलं. इम्पोर्टरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. त्याखाली मूळ कंपनीची बारीक अक्षरांतली घटकांची यादी होती आणि तिच्यात 'मिथिलीन ग्लायकॉल' हे नाव होतं. फॉर्मल्डिहाइड हा वायू पाण्यात विरघळला की त्याचं बहुतेक सगळं मिथिलीन ग्लायकॉल होतं, आणि ते तापवलं की वायू पुन्हा सुटतो. म्हणजे बाटलीत एक नाव आणि इस्त्रीखाली दुसरं. शाळेत बेडूक ठेवायला वापरतात ते फॉर्मेलिन म्हणजे हेच पाण्यातलं फॉर्मल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे.

हा प्रकार आपल्याकडेच झाला असंही नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २०१० साली पार्लरमधल्या बायकांनी नाकातून रक्त येतं, श्वास लागतो अशा तक्रारी केल्या. कामगार सुरक्षा खात्यानं 'ब्राझिलियन ब्लोआउट' या क्रीमचे नमुने तपासले. लेबलवर 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' आणि आत सरासरी आठ टक्क्यांहून जास्त. २०११ मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे अन्न-औषध प्रशासनानं, कंपनीला ताकीद देणारं पत्र पाठवलं, मग ग्राहकांचे दावे आणि तडजोडी झाल्या. हे वाचताना मला रडू आलं. दहा वर्षांपूर्वी जगाला कळलेली गोष्ट माझ्या गावातल्या खोलीपर्यंत पोचलीच नव्हती.

ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक निवृत्त काका आमच्या ओळखीचे होते. त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही तक्रार लिहिली. वकील लावायलाच पाहिजे असं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आधी दोघांनाही, इम्पोर्टर आणि होलसेलर, रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली आणि पोचपावत्या जपून ठेवल्या. उत्तर कुणाचंच आलं नाही. मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार. (लोक अजून 'मंच' म्हणतात, पण नवीन कायद्यात तो आयोग आहे.) कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आणि आता तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथं दावा टाकता येतो, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. होलसेलरचा पहिला आक्षेप हाच होता की केस पुण्यात चालवा. तो एका तारखेत निकालात निघाला.

तक्रार लिहिताना काकांशी माझा एका शब्दावरून वाद झाला. मला त्यात कॅन्सरचं लिहायचं होतं. काका म्हणाले, "बाळ, तुला कॅन्सर झालाय का? नाही ना? मग लिहू नकोस. जे तुला सिद्ध करता येतं तेवढंच लिही, नाहीतर समोरचा वकील त्या एका शब्दावरच सगळी केस लोंबकळत ठेवील." त्यांचं ऐकलं ते बरं केलं. २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, ३३,४९७ स्त्रियांचा. केस सरळ करायची रसायनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं. त्यानंतर तिथं हेअर रिलॅक्सरच्या कंपन्यांवर हजारो दावे पडले, त्यात कृष्णवर्णीय स्त्रिया फार मोठ्या संख्येनं आहेत. फेब्रुवारी २०२३ पासून ते दावे शिकागोच्या फेडरल कोर्टात एकत्र चालताहेत. पण ती रसायनं वेगळी, तो प्रश्न वेगळा. माझी तक्रार साधी होती: लेबलवर 'नाही' लिहिलेला पदार्थ बाटलीत आहे, त्याबद्दल कसलीही सूचना दिलेली नाही, आणि त्यानं आम्हाला इजा झाली. नवीन कायद्यात 'उत्पादन दायित्व' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. कंपनीनं दिलेली हमी खोटी निघाली किंवा धोक्याची सूचना दिली नाही, तर कंपनी जबाबदार धरली जाते. आम्ही त्यावरच बोट ठेवलं.

बिलाची मात्र अडचण होती. पक्कं बिल होतं, पण त्यावर नुसतं 'हेअर प्रॉडक्ट्स, २ नग'. बॅच नंबर नाही. होलसेलरनं कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, लिहिलं की या बाटल्या आमच्याकडच्या नाहीतच. तेव्हा आठवलं, पार्सल आलं त्या दिवशी मी दोन्ही बाटल्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर त्यालाच पाठवला होता, 'माल मिळाला' म्हणून. फोटोत बॅच नंबर वाचता येत होता आणि खाली त्याचा अंगठा होता. त्या चॅटच्या प्रिंट काढल्या आणि मोबाइलमधल्या पुराव्यासाठी लागणारं, पुरावा कायद्यातल्या ६५-ब कलमाचं प्रमाणपत्र जोडलं.

खरा आक्षेप पुढे होता. समोरच्या बाजूचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, तक्रारदार मुळात ग्राहकच नाहीत. पार्लर हा व्यवसाय, क्रीम व्यापारी हेतूनं घेतलेलं, शिवाय यांच्याकडे नोकर आहे. नोकर म्हणजे ती शिकायला येणारी मुलगी! माझ्या पायाखालची जमीन सरकली, कारण हे खरं ठरलं तर बाटलीत काय आहे हे कुणी बघणारच नव्हतं. काकांनी मला आधीच तयार करून ठेवलं होतं. कायद्यातच स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरायची नाही. आणि लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलंय की स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच आहे, मदतीला एक-दोन जण घेतले म्हणून तो ग्राहक राहत नाही असं होत नाही. मी शॉप ॲक्टचा दाखला, पार्लरचे फोटो आणि घराचं लाइटबिल दाखल केलं. अध्यक्षांनी विचारलं, "खुर्च्या किती?" मी म्हटलं, "एक." "इस्त्री कोण चालवतं?" "मीच, साहेब." बोलताना आवाज कापत होता, पण बोलले. आक्षेप फेटाळला गेला.

इम्पोर्टरची कैफियत आली ती एकसष्टाव्या दिवशी. कायद्यानं तीस दिवस मिळतात आणि फार तर वर पंधरा. त्याच्या पुढे आयोगालाही वाढवून देता येत नाही. कैफियत दाखल करून घेतली नाही. हे मला तेव्हा फार मोठं यश वाटलं. काकांना तितकं वाटलं नाही. ते म्हणाले, "बाटली तपासून आल्याशिवाय काही खरं नाही."

बाटली प्रयोगशाळेत पाठवायचा अर्ज मंजूर झाला. तपासणीची फी मला भरावी लागली. ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. दोन्ही बाजूंसमोर टेबलावर बाटली ठेवली. त्यांच्या वकिलांनी ती उचलून चारी बाजूंनी फिरवली, झाकणावरचं प्लॅस्टिक नखानं चाचपून बघितलं, बॅच नंबर मोठ्यानं वाचला. प्लॅस्टिक अखंड होतं. मग एका कर्मचाऱ्यानं बाटली पांढऱ्या कापडात शिवली. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली. लाखेचे लाल थेंब शिवणीवर टपटप पडले आणि त्यावर पितळी शिक्का दाबला. एक, दोन, तीन ठिकाणी. कापडावर माझी सही, त्यांच्या वकिलांची सही. जळक्या लाखेचा वास त्या खोलीत भरला होता आणि मी दोन वर्षं घरातल्या कपाटात, मुलांच्या हाती लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवलेली ती बाटली माझ्या हातून गेली.

अहवालात फॉर्मल्डिहाइड ४.७ टक्के निघालं.

मॅडमच्या शपथपत्राबद्दलही सांगायला हवं. त्यांच्याशिवाय इजेचा पुरावा अपुरा राहिला असता, पण मागायचा मला धीर होत नव्हता. त्यांनी मनात आणलं असतं तर त्यांना माझ्यावरच केस टाकता आली असती, कारण सेवा मी दिली होती. मी त्यांचे पैसे परत केले होते, डॉक्टरांचा पहिला खर्चही दिला होता. एके दिवशी त्या आपणहून आल्या. "ताई, मी देते शपथपत्र. पण त्यात तुमच्या पार्लरचं नाव येणार. गावात बोभाटा होईल, तुम्हाला चालेल का?" गावात बोभाटा झालाच. त्या वर्षी दिवाळीला निम्मी गिऱ्हाइकं आली. पण त्यांचं शपथपत्र आणि डॉक्टरांचा कागद एकमेकांना धरून होते, उलटतपासणीच्या प्रश्नावलीतही काही हाती लागलं नाही.

कायद्यात लिहिलंय की माल तपासायचा असेल तर तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी. मला दोन वर्षं लागली. निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये आला. दोन्ही बाटल्यांची किंमत व्याजासह परत, नुकसानभरपाई ४०,००० आणि खर्चाचे ५,०००. मी तीन लाख मागितले होते. रकमेनं मी नाराज झाले, खोटं कशाला सांगू. पण निकालपत्रात एक वाक्य आहे की लेबलवरचा दावा असत्य होता, आणि ते मी आमच्या भागातल्या पार्लरवाल्या बायकांच्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी टाकलं. सतरा जणींनी तीच बाटली आपल्याकडे असल्याचं कळवलं.

वरच्या आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात आणि सामनेवाल्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यांनी अपील केलं नाही, पैसेही दिले नाहीत. मग वसुलीची दरखास्त लावली. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते हे नोटिशीत लिहून गेल्यावर आठवड्यात डिमांड ड्राफ्ट आला.

त्याच होलसेलरचा माणूस हल्ली गावात 'नवा फॉर्म्युला' घेऊन फिरतो. त्यात फॉर्मल्डिहाइड नाही, ग्लायॉक्सिलिक ॲसिड आहे. मार्च २०२४ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात सव्वीस वर्षांच्या एका तरुणीची हकीकत आली होती: प्रत्येक वेळी केस सरळ केल्यावर किडनीला त्रास, आणि त्या क्रीममध्ये दहा टक्के ग्लायॉक्सिलिक ॲसिड. संशोधकांनी तेच क्रीम उंदरांना लावलं तर त्यांच्या किडनीत ऑक्झॅलेट या क्षाराचे स्फटिक सापडले. मी त्याची प्रिंट काढून आरशाशेजारी लावली आहे. केराटिन करणं मी बंद केलंय.

ड्राफ्ट वटल्यावर मॅडमचा उरलेला दवाखान्याचा खर्च द्यायला त्यांच्या घरी गेले. त्यांनी पैसे घेतले, चहा केला. मग मान वळवून केस बाजूला केले आणि मला कानामागची जागा दाखवली. जखम भरली आहे, त्या नाण्याएवढ्या जागेवर केस मात्र अजून आलेले नाहीत.