बक्स्टनचा फ्रिंज : निवड समिती नसलेला नाट्यमहोत्सव

इंग्लंडमध्ये राहून नाटके पाहणाऱ्या माणसाने स्कॉटलंडमधील एडिंबराच्या ऑगस्टमधील नाट्यमहोत्सवाची वाट पाहत बसण्यापेक्षा जुलैमध्ये डर्बीशर परगण्यातील बक्स्टनला जावे, असे माझे ठाम मत आहे आणि यंदाच्या मुक्कामाने ते अधिकच पक्के झाले. एडिंबराला हजारो प्रयोग असतात, सगळे शहर जाहिरातींनी झाकलेले असते आणि त्या दिवसांत तेथे राहण्याचा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जातो. बक्स्टन मात्र वीस-बावीस हजार वस्तीचे गाव आहे. तेथील फ्रिंज, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या आजूबाजूला भरणारा सर्वांना खुला नाट्यमहोत्सव, जुलैमध्ये सुमारे अडीच आठवडे चालतो आणि गावाच्या टोकाची, जिथे नाटके झालेली आहेत ती गुहा सोडली, तर एका ठिकाणचा प्रयोग संपवून दुसऱ्या ठिकाणी पायी पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

मँचेस्टर पिकॅडिलीहून सुटणारी गाडी स्टॉकपोर्ट आणि हेझल ग्रोव्ह मागे टाकून चढणीला लागते आणि तासाभरात सारा देखावा पालटतो. लाल विटांची घरे संपून दगडी घरे सुरू होतात, कुरणांमधून रचीव दगडांचे बांध धावू लागतात आणि मधूनच चुनखडीच्या खाणीचा पांढराफटक कडा समोर येतो. गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीवर वसलेले असल्याने हवेचा भरवसा धरता येत नाही. २ जून १९७५ रोजी येथील मैदानावर डर्बीशर आणि लँकेशर यांच्यातील क्रिकेटचा सामना चक्क बर्फ पडल्यामुळे थांबवावा लागला होता. त्यामुळे जुलै असला, तरी स्वेटर आणि छत्री दोन्ही बरोबर असावीत. स्थानकातून बाहेर पडताना एकदा मागे वळून त्या दगडी भिंतीतील पंख्याच्या आकाराची भव्य खिडकी जरूर पाहावी. १८६३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी रेल्वे कंपन्यांनी येथे एकमेकींना लागून दोन स्थानके बांधली आणि दोन्हींच्या दर्शनी भिंती एकसारख्या ठेवल्या. त्यांपैकी ही एकच भिंत आज उभी आहे.

गावाच्या मध्यभागी ऑपेरा हाऊस आहे. लंडनमधील अनेक नामांकित नाट्यगृहे उभारणाऱ्या फ्रँक मॅचम यांनी ते बांधले आणि १९०३ मध्ये ते सुरू झाले. सुमारे नऊशे आसनांचे हे नाट्यगृह सोनेरी नक्षीने आणि रंगविलेल्या छताने मढलेले आहे. मधल्या अनेक वर्षांत त्याचे चित्रपटगृह झाले होते आणि १९७६ मध्ये ते बंदही पडले. परंतु दुरुस्तीनंतर १९७९ मध्ये ते पुन्हा उघडले आणि त्याच वर्षी ऑपेरा व संगीत यांचा बक्स्टन महोत्सव सुरू झाला. फ्रिंज आला तो त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९८० मध्ये. थोरल्या महोत्सवाच्या अंगणात धाकट्याने आपला संसार मांडण्याची ही रीत एडिंबराने घालून दिलेली आहे. १९४७ मध्ये तेथील पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे निमंत्रण नसतानाही आठ नाट्यसंस्था आपणहून तेथे गेल्या, मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले आणि त्यातून ही सगळी परंपरा उभी राहिली.

बक्स्टनच्या फ्रिंजमध्ये निवड समिती नाही, ही या महोत्सवाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. नोंदणीचे शुल्क भरावे, जागा ठरवावी, वेळ कळवावी, की संस्थेचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापले जाते. संहिता कोणी वाचून पाहत नाही, तालीम पाहायला कोणी येत नाही आणि मागच्या वर्षीच्या पारितोषिकांची यादीही कोणी मागत नाही. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धा किंवा पुण्याचा पुरुषोत्तम करंडक यांतून नट घडले, लेखक घडले आणि प्रेक्षकही घडला. त्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु स्पर्धेत प्रेक्षकाच्या शेजारी सदैव परीक्षक बसलेला असतो आणि नाटक पाहतानाही निकालाचा विचार मनातून जात नाही. बक्स्टनमध्ये प्रेक्षकाच्या आधी ते नाटक कोणीही तोलून पाहिलेले नसते. निवडीची सगळी जबाबदारी तिकीट काढणाऱ्यावर येते आणि ही जबाबदारी मला फार मोलाची वाटते.

कार्यक्रमपत्रिका ही चकटफू मिळणारी छोटी पुस्तिका असते. ती घेऊन पॅव्हिलियन गार्डन्समध्ये तळ्याकाठच्या बाकावर बसावे आणि पेन्सिलीने खुणा करीत जावे, हा माझा पहिल्या सकाळचा नेम आहे. प्रत्येक प्रयोगाला चार-पाच ओळी मिळतात आणि त्या बहुधा नाटक करणाऱ्यांनी स्वतःच लिहिलेल्या असतात. त्या वाचण्याचीही एक सवय लागते. विशेषणांची माळ असेल, तर मी पुढे सरकते. नाटकात कोण माणसे आहेत आणि त्यांच्यावर काय प्रसंग आला आहे, हे एका वाक्यात साधे सांगितलेले असेल, तर खूण करते. प्रयोग साधारण तासाभराचे असल्याने दुपारपासून रात्रीपर्यंत तीन-चार सहज पाहता येतात. मात्र दोन प्रयोगांच्या मध्ये निदान अर्धा तास मोकळा ठेवावा, कारण खरी चर्चा त्या अर्ध्या तासातच घडते.

यंदाचा सर्वांत लक्षात राहिलेला प्रयोग एका पबच्या बैठकीच्या खोलीत झाला. खोलीत तीसेक खुर्च्या होत्या आणि त्यांपैकी निम्म्याही भरल्या नव्हत्या. रंगमंच असा नव्हताच. गालिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीने एक चौकोन आखलेला होता, त्यात इस्त्रीचे टेबल होते आणि टेबलावर पुरुषाचे सात शर्ट घडी करून ठेवलेले होते. एकच अभिनेत्री होती आणि नुकत्याच वारलेल्या बापाचे कपडे दानपेटीत देण्याआधी ती ते इस्त्री करीत होती. इस्त्री खरी, गरम होती. प्रत्येक शर्टाबरोबर एक आठवण निघत होती, परंतु लेखिकेने आठवणींची भरताड केली नव्हती. चौथ्या शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडून अभिनेत्री बराच वेळ नुसती थांबली आणि तापलेल्या ओल्या सुती कापडाचा वास खोलीभर पसरला. नऊशे आसनांच्या नाट्यगृहात हा वास तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नसता. येथे तो प्रत्येकापर्यंत पोहोचला, आणि माझ्या पलीकडे बसलेल्या गृहस्थांनी अगदी नकळत स्वतःच्या शर्टाची बाही सरळ केली, तेव्हा ते अभिनेत्रीलाही दिसले असावे. कारण पुढचे वाक्य तिने त्यांच्याकडे पाहून म्हटले. इतक्या जवळून पाहताना प्रेक्षकाला अंधारात लपता येत नाही. तो कंटाळला तर नटाला कळते, हलला तर कळते आणि श्वास रोखला तरी कळते.

प्रयोग संपल्यावर तीच अभिनेत्री दारात उभी राहून प्रत्येकाशी बोलत होती आणि बोलता बोलता टेबलाचे पाय मिटवत होती, कारण पुढच्या संस्थेला खोली पंधरा मिनिटांत रिकामी करून द्यायची होती. बक्स्टनला येणाऱ्या अनेकांप्रमाणे तीही हे नाटक ऑगस्टमध्ये एडिंबराला नेणार होती. ‘शेवट जरा लांबला का?’ असे तिने मला सरळ विचारले. शेवटचे दोन शर्ट एकाच आठवणीत बसू शकतील, असे मला वाटले होते, तसे मी तिला सांगितले. तिने ते वहीत टिपून घेतले. नाटक अजून घडत असताना प्रेक्षकाचे मत असे कामी येण्याची संधी मोठ्या शहरातील मोठ्या नाट्यगृहात क्वचितच मिळते.

सगळेच प्रयोग असे रंगत नाहीत आणि तसे भासवणे योग्य होणार नाही. एका चर्चच्या सभागृहात मी एक तरुण मंडळींचे नाटक पाहिले, ज्यात हवामानबदलापासून घरभाड्यापर्यंत सारे विषय एका तासात कोंबलेले होते आणि उंच छताखाली संवाद घुमून अर्धे विरून जात होते. तरीही त्या मंडळींनी एका प्रवेशात दोन शिड्यांवरून जी बुडणारी सदनिका उभी केली, ती अप्रतिम होती आणि तिच्यासाठी मी तो पूर्ण तास आनंदाने दिला. निवड समितीने हे नाटक बहुधा पहिल्याच फेरीत बाद केले असते आणि त्याबरोबर तो प्रवेशही कोणाच्या दृष्टीस पडला नसता.

गावाच्या दक्षिण टोकाला पूल्स कॅव्हर्न नावाची चुनखडीची प्राचीन गुहा आहे. आत वर्षभर सुमारे सात अंश सेल्सिअस तापमान असते आणि छतावरून पाणी ठिबकत असते. फ्रिंजच्या काळात या गुहेतही नाटके झालेली आहेत. प्रेक्षकांनी वाटेवरून चालत राहायचे आणि नटांनी पुढच्या वळणावर, खडकाच्या आडून किंवा वरच्या पायरीवरून प्रवेश घ्यायचे, अशी त्यांची रचना असते. तेथे विंगा नसतात. काळोख हीच विंग होते. शब्द उच्चारल्यावर तो खडकावरून परतून येईपर्यंत नटाला थांबावे लागते आणि त्या थांबण्याने संवादांना एक आपोआप आलेली भारदस्त लय मिळते. गुहेतील प्रयोग पत्रिकेत दिसला, तर तो सोडू नये आणि पायांत चांगले पकड घेणारे बूट असावेत.

सकाळी प्रयोग थोडे असतात, तेव्हा गाव पाहावे. पाचव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने १७८० च्या दशकात जॉन कार यांच्याकडून बांधून घेतलेली क्रेसेंट ही अर्धचंद्राकृती इमारत अनेक वर्षांच्या डागडुजीनंतर २०२० मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून सुरू झाली आहे. तिच्या समोरच्या सेंट अ‍ॅन विहिरीच्या तोटीतून सुमारे सत्तावीस अंशांचे कोमट झऱ्याचे पाणी अखंड वाहते आणि गावकरी कॅन घेऊन ते भरून नेतात. जुलैमध्येच येथील विहिरी सजवल्या जातात. लाकडी चौकटीत ओली माती लिंपून तिच्यात पाकळ्या, पाने आणि बिया एकेक करून दाबत चित्र पूर्ण करतात. आपल्याकडे सणाला अंगणात फुलांची रांगोळी घालणाऱ्या बायका जितक्या तन्मयतेने बसतात, तितक्याच तन्मयतेने येथील माणसे या चौकटींभोवती बसलेली असतात. सजावटीचे आणि फ्रिंजचे दिवस एकत्र आले, की गावात पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

हा महोत्सव स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. प्रयोगांची समीक्षाही स्वयंसेवकच लिहितात. ज्या संस्थेला मोठ्या शहरात एकही वार्ताहर फिरकलेला दिसत नाही, तिला येथे दुसऱ्या दिवशी काही परिच्छेदांचे लक्षपूर्वक लिहिलेले परीक्षण मिळते आणि पुढच्या दौऱ्यात जाहिरातीसाठी ते उपयोगी पडते. चहाच्या दुकानात माझ्याच टेबलाशी बसलेल्या एका आजींनी मला सांगितले, की त्या आणि त्यांचे यजमान दरवर्षी एक तरी असा प्रयोग निवडतात, ज्याविषयी त्यांना काहीच माहिती नसते. ‘कोणीतरी गेलेच पाहिजे ना त्यांच्याकडे,’ असे त्या अगदी सहज म्हणाल्या आणि पत्रिकेतील त्या दिवशीची खूण त्यांनी मला दाखवली. मी त्यांच्याबरोबर गेले. लाकडी बाहुल्यांचा तो प्रयोग सुरू झाला, तेव्हा खोलीत आम्ही सात जण होतो. आजी आणि त्यांचे यजमान मुद्दाम पहिल्या रांगेत बसले, म्हणजे बाहुल्या चालवणाऱ्या मुलाला रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत.

तो प्रयोग पाहताना मला दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाची आठवण होणे अपरिहार्य होते. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने तेथे प्रायोगिक नाटकांना जागा दिली आणि मराठी रंगभूमीला पुढे ज्यांनी दिशा दिली, अशा कितीतरी रंगकर्मींचे काम लोकांनी त्या साध्या शाळेच्या सभागृहात पाहिले. ती पिढी नटांइतकीच तेथे नेमाने येणाऱ्या प्रेक्षकांचीही होती. आज महाराष्ट्रातील लहान गावांत एकांकिका करणारी मंडळी पुष्कळ आहेत, परंतु स्पर्धेची तारीख उलटली, की त्यांच्या एकांकिकेला पुन्हा उभे राहण्याची जागा मिळत नाही. सांगली, सावंतवाडी किंवा वाई अशा एखाद्या गावाने वर्षातून एकदा शाळेचा हॉल, वाचनालयाची खोली आणि देवळाचा सभामंडप नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला खुला केला, तर त्या एकांकिकांना दुसरा, तिसरा आणि चौथा प्रयोग मिळेल.

आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना माझी एक आग्रहाची विनंती आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळापासून आजवर येथे मराठी नाटके होत आली आहेत, परंतु ती बहुतेक आपल्याच माणसांपुरती राहतात. बक्स्टनसाठी तासाभराची एकांकिका, दोन-तीन नट आणि गाडीच्या डिकीत मावेल एवढे नेपथ्य पुरेसे आहे. नोंदणी उन्हाळ्याच्या बरीच आधी बंद होते, म्हणून संहिता दिवाळीपर्यंत पक्की करावी आणि हिवाळ्यात तालमी घ्याव्यात. पडद्यावर इंग्रजी संवाद दाखवायचे, की दोन भाषांत नाटक लिहायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. मँचेस्टरहून प्रेक्षक आणण्याचे आणि तिकीटबारीवर बसण्याचे काम मी अंगावर घेईन.